डोळ्याने आणि लॅबने

मामा, मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात माझ्या टेबलाशी होते आणि समोरच्या पडद्यावर तुझाच मेंदू उघडा होता. यात योगायोग वगैरे काही नाही. गेले तीन आठवडे तो रोजच उघडा असायचा.

मामी म्हणाली, "बाय, वीज गेली. पंखो रावलो. आनी तुझो मामा उठूंक ना."

तिनं पुढे काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परक्या माणसाला यातून काही कळलं नसतं. वीज गेली म्हणून कोणी कशाला उठेल? पण आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डिचोलीच्या खाणीवर, खनिज चाळायच्या प्लांटवर तू तीस वर्षं होतास. चाळण्यांच्या त्या खडखडाटात दुपारी जेवून दहा मिनिटं डोळा लावायचास, आणि आवाज थांबला की खाडकन उठायचास, कारण आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. मग खाण बंद पडली, सगळीकडे चिडीचूप झालं आणि तुझी झोपच उडाली. शेवटी मामीनं माळ्यावरचा जुना टेबलफॅन खाली काढला, जाळी सैल झालेला. त्याच्या खडखडाटात तू कदेलीवर, आपल्या खुर्चीत, बसल्या बसल्या घोरायला लागलास. वीज गेली, पंखा थांबला, की डोळे उघडून विचारायचास, "कितें जालें?" डिचोलीत वीज काय, दिवसाआड जाते. दर वेळी तू उठलास. गेल्या मंगळवारी उठला नाहीस.

आज आठवा दिवस. मी सोप्यावर बसून हे लिहिते आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "झोपेत गेला, भाग्यवान." झोप हा माझ्या धंद्याचा भाग आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. झोपलेल्या माणसाच्या मेंदूत काय चाललेलं असतं ते मी मशीनमधून बघते, आणि तिथं बरंच काही चाललेलं असतं. तुला त्या वेळी काय जाणवलं, काही जाणवलं की नाही, हे यांना काय ठाऊक? पण सांत्वनाला आलेल्यांशी कुठे वाद घालत बसायचं. मी मान हलवते आणि चहा आणायला आत जाते.

मी अजून रडले नाही. मामी माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघते. तू मला लहानपणापासून 'निवलेली पेज' म्हणायचास, तेच तिच्या डोळ्यांत असतं. असू दे. मला तुला एक गोष्ट सांगायची होती. ती मी चवथीला, गणपतीत, येऊन समोरासमोर सांगणार होते, म्हणून फोनवर बोलले नाही, आणि आता ती माझ्याकडेच राहिली. रात्रंदिवस डोक्यात तेवढंच आहे.

म्हणून इथं सांगते. मधलं गाळून सांगितलेलं तुला कधी चालायचं नाही, तेव्हा पहिल्यापासून.

मे महिन्याच्या सुट्टीत आई मला मांद्र्याहून इथं आणून सोडायची. तू संध्याकाळी कामावरून यायचास तो नखशिखांत लाल. केस लाल, भुवया लाल, शर्ट तर कुठल्या रंगाचा म्हणून विकत घेतला होता तेही आठवू नये. डोळे तेवढे पांढरे. खिशात कापडी पिशव्या असायच्या, नमुन्याच्या, प्रत्येक पिशवीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. तू बोलायचास आपल्या कोंकणीत आणि लिहायचास शाळेतल्या मराठीत, तेव्हा चिठ्ठीवर असं असायचं: नमुना, जागा, तारीख, आणि खाली दोन ओळी, 'डोळ्याने' आणि 'लॅबने'. मुठीत खनिज घ्यायचास, अंगठ्यानं चोळायचास, उन्हात धरायचास आणि म्हणायचास, "साठ दिसता." साठ टक्के लोखंड. 'डोळ्याने'च्या पुढे साठ. 'लॅबने'च्या पुढे रिकामं. दुसऱ्या दिवशी लॅबचा आकडा आला की तो भरायचा. बहुतेक वेळा एखाददुसऱ्याचा फरक, आणि त्या दिवशी घरात तुझी मान ताठ.

एकदा लॅबचा आकडा बराच खाली आला. मी आठ-नऊ वर्षांची. म्हटलं, मामा, तुझा आकडा खोडून टाक ना, कोण बघतंय? तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पिशवी खाली ठेवली. "लॅब आयल्यार डोळ्याचो आंकडो बदलता तो फटकिरो," म्हणालास. फटकिरो म्हणजे खोटारडा. तुझ्या तोंडात यापेक्षा मोठी शिवी मी कधी ऐकली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पुढचं झालं ते झालंच.

मी पुण्यात शिकले, मेंदूची चित्रं काढणाऱ्या मशीनवर काम करायला लागले. माणसाला अंधुक, धूसर काही दाखवलं तर त्याला ते दिसतं कसं, आणि दिसतं तेव्हा मेंदूत कुठं काय हलतं, हा आमचा विषय. पुण्यातली माणसं तपासून झाली, मग ठरलं की दुसऱ्या भागातलीही घेऊ. पणजीजवळच्या एका इस्पितळातलं मशीन रविवारी आम्हाला मिळत होतं. माणसं कुठून आणायची? तू म्हणालास, "कितलीं जाय?" आणि पुढच्या रविवारी एक व्हॅन भरून माणसं आणलीस. तुझे प्लांटवरचे सोबती, पेडण्याचा तुझा साडू, आपला शिंपी, शाळेतले निवृत्त मास्तर. सगळ्यांचे भांग पाडलेले आणि शर्ट इस्त्रीचे, लग्नाला निघाल्यासारखे.

पहिलं घोडं अडलं ते फॉर्मपाशी. या मशीनमध्ये प्रचंड चुंबक असतं, म्हणून आधी विचारावं लागतं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का. पुण्यात सगळे 'नाही' लिहितात. तुझा एक सोबती फॉर्म वाचून इतका हसला की त्याला खोकला आला. "बाये, तीस वर्सां दुसरें कितें गेलां?" तुम्हा सगळ्या खाणवाल्यांच्या डोळ्यांचे आधी एक्स-रे काढावे लागले. अर्धा दिवस गेला. आमच्या डॉक्टरबाई घामाघूम आणि तुम्ही बाकावर बसून पावभाजी खाताय.

तुझा नंबर पहिला. डोक्यावर तो पिंजरा बसवला, डाव्या हातात रबरी फुगा दिला, काही त्रास झाला तर दाबायचा. उजव्या हातात बटण. तू विचारलंस, "पट्टो बंद करपाचें खंयचें?" मी म्हटलं, मामा, इथं प्लांटवरचा पट्टा नाही. पडद्यावर टीव्हीसारख्या मुंग्या दिसतील. कधी त्या मुंग्यांत माणसाचा चेहरा असेल, कधी नसेल. चेहरा दिसला की उजव्या हातातलं बटण दाब. तू म्हणालास, "दिसलो की दाबप. तीस वर्सां तेंच केलां." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. लक्ष घड्याळाकडे होतं.

आधी नुसतं चित्र काढायचं असतं, त्यात काही करायचं नसतं, पडून राहायचं. मशीनचा आवाज भयंकर. धडधाकट माणसं आतून ओरडतात, बाहेर काढा म्हणतात. तू दुसऱ्या मिनिटाला झोपलास. काचेपलीकडून डॉक्टरबाई विचारतात, "हे ठीक आहेत ना?" आणि स्पीकरमधून तुझं घोरणं. आवाज थांबला तसा तू जागा, "कितें जालें?" आम्ही सगळे हसलो. मला वाटतं तिथंच माझ्या मनात कुठंतरी बसलं की मामा हे सगळं गंमत म्हणून घेतोय.

मग खरा प्रयोग झाला आणि तू बटण दाबत सुटलास. चेहरा असला तरी दाबलंस, आणि नुसत्या मुंग्या असल्या तरी बहुतेक वेळा दाबलंस. तुझ्यानंतर आत गेलेल्यांतही चार-पाच जणांनी तेच केलं, पण तुझ्याइतकं कोणीच नाही.

तू बाहेर आलास. कॉरिडॉरमध्ये तुझे सोबती घड्याळं, करदोटे परत घालत उभे होते. मी भुकेली होते, चिडले होते, डॉक्टरबाईंसमोर माझी लाज गेली होती. ही कारणं आहेत, सबबी नव्हेत.

"मामा, काही नव्हतं तेव्हाही दाबलंस तू."

"माका दिसलो."

"अरे काय दिसलो? तिथं चेहरा घातलेलाच नव्हता. मी घातलेला नव्हता."

"दिसलो म्हणटां न्हय."

"म्हणजे खोटं दाबत होतास."

खाली वाकून चपलेचा पट्टा लावलास, फार वेळ लावलास, आणि ड्रायव्हरला म्हणालास, "चल रे, वचूंया." व्हॅनमध्ये नेहमी मागं सगळ्यांच्या मधे बसणारा तू त्या दिवशी पुढे बसलास.

दुसऱ्या दिवशी मामीचा फोन. "कितें सांगलें गो ताका? काल नुस्त्याक हात लावंक ना. 'भाचयेन माका फटकिरो म्हळें,' इतलेंच म्हणटा." मासळी टाकून तू कधी उठला नव्हतास. मी म्हटलं, मामी, मी तो शब्दसुद्धा वापरला नाही. मामी म्हणाली, "शब्द कसलो घेऊन बसल्या?" आणि फोन ठेवला.

मी माफी मागितली नाही. मनाशी म्हटलं, मी चूक कुठे बोलले? जिथं काही नाही तिथं दिसलं म्हणणाऱ्याची माहिती प्रयोगात धरता येत नाही, हा नियम माझा नाही. तुझी फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये टाकली आणि पुढे गेले. आता लिहिताना अंगावर येतं, पण त्या वेळी मला खरोखर काही वाटलं नव्हतं.

तू मात्र मनाचा मोठा निघालास, की तुझ्या मनात काही वेगळंच होतं, देव जाणे. आमच्या झोपेच्या प्रयोगाला मशीनमध्ये झोपू शकणारी माणसं हवी होती आणि ती कुठं मिळत नव्हती. मी भीत भीत विचारलं. तू दोनदा आलास. घरून माशाचं हुमण नि भात जेवून, ढेकर देत, डोक्यावर तारांची टोपी चढवून त्या गोंगाटात गाढ झोपलास. तुझ्याइतकी सुंदर झोप आमच्याकडे दुसऱ्या कोणाची नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आणि तू डिचोलीच्या बाजारात सांगत सुटलास, "न्हिदलेलो पास, जागो नापास!"

गेल्या चवथीला मी आले तेव्हा तू गणपतीवरच्या माटोळीची फळं बांधून झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसलास. "दाखय गो, म्हजें डोकें दाखय." मी लॅपटॉप उघडला. तुला इंग्रजी वाचता येतं हे मी विसरले होते. फोल्डरचं नाव होतं 'रिजेक्ट'. तू बोट ठेवलंस त्याच्यावर.

मी घाईनं लॅपटॉप मिटायला गेले. तू मात्र हसलास. "रिजेक्ट! आमच्याकय रिजेक्टाचो डोंगर आसलो. कमी लोखंडाचें सगळें थंय उडयताले. वर्सां वर्सां. आनी मागीर एक दीस गिरायक आयलें, डोंगरूच व्हरून गेलें." मग पुन्हा, हळू, "व्हरून गेलें हां." अख्खा डोंगर उचलून नेला. मी म्हटलं, मामा, मेंदूला गिऱ्हाईक येत नाही. तू म्हणालास, "बरें. एक कागद काडून दी. माका वणटीर लावंक जाय." भिंतीवर लावायला. मी तुला तुझ्या मेंदूची मोठी प्रिंट काढून पाठवली. तू विचारलंस, दर्जा किती? मी म्हटलं, मेंदूला दर्जा नसतो. "सगळ्याक आसता," म्हणालास.

आणि मग वर्षभर फोनवर आपलं भांडण. दर रविवारी सकाळी, तू पेपर वाचून झाल्यावर. मी म्हणायची, दिसणं वेगळं आणि वाटणं वेगळं. तू म्हणायचास, आमच्यात एकच शब्द आसा. "माका दिसता पावस पडटलो." पाऊस दिसतोय का? दिसत नाही. "माका दिसता तो आयज येवंचो ना." येणाराच नाही तर दिसणार काय? तरी 'दिसता'च. मी म्हणायची, प्रयोगात शब्दाला एकच अर्थ लागतो. तू म्हणालास, "मागीर शब्द बदल. मनशां कित्याक उडयतां?" माणसं का टाकून देतेस. मी रागानं फोन ठेवला होता त्या दिवशी. म्हटलं, या माणसाला विज्ञान शिकवणं म्हणजे डोकेफोड आहे.

पुढच्या रविवारी तू बटणाचं सांगितलंस. तीस वर्षांत तू मला ते कधी सांगितलं नव्हतंस, कारण मी विचारलं नव्हतं. प्लांटवर खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी तुझी जागा, आणि उजव्या हाताशी लाल बटण. खनिज अडकलं की माणसं फावडं घेऊन पट्ट्याजवळ जायची. धूळ इतकी की समोरचा माणूसही लाल आणि मागचा डोंगरही लाल. त्या लालीत चेहऱ्यासारखं काही दिसलं, नको तिथं दिसलं, की बटण दाबायचं. "खऱ्यांनीच आसलो काय ना तें मागीर पळोवप. चुकलों जाल्यार पट्टो रावता, इंजिनियर गाळी दिता. ना दाबलें जाल्यार मनीस वता." आधी दाबायचं, खात्री मागाहून. आणि मग म्हणालास, "म्हज्या पट्ट्यार कोण मरूंक ना, बाय."

मी 'हं' म्हटलं.

फोन ठेवून मी रिजेक्टचं फोल्डर उघडलं. त्यात कोण कोण आहे ते पाहिलं. पेडण्याचा साडू, शिंपी, दोन सोबती, तू. एकूण एक या बाजूची माणसं, पुण्याचा एकही नाही. सूचना मी लिहिलेली. 'दिसला की बटण दाबा.' तुम्ही सगळ्यांनी ती तुमच्या भाषेत वाचली आणि प्रामाणिकपणे पाळली. आणि त्यात तू तर पट्ट्याच्या बटणावर जन्म काढलेला माणूस. चूक वाचणाऱ्याची नव्हती, लिहिणारीची होती. मांद्र्यात जन्मलेल्या, लहानपणी दिवसाला पन्नास वेळा 'माका दिसता' म्हणणाऱ्या बाईची.

डॉक्टरबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, मग टाकलेलं परत तपास. तपासलं. आता नीट ऐक, मामा, हीच ती गोष्ट.

मेंदूत खालच्या बाजूला, कानाच्या मागच्या अंगाला, एक भाग असतो. चेहरा बघितला की तो जागा होतो. झाड दाखव, कदेल दाखव, तो फारसा हलत नाही. मी तुझे फक्त ते क्षण वेगळे काढले जेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. त्यांतले तू दाबलेले एका बाजूला, न दाबलेले दुसऱ्या बाजूला. न दाबलेल्यांत तो भाग शांत आहे. दाबलेल्यांत तो जागा आहे. मी तीन वेळा पडताळलं, मग दुसऱ्याकडून करून घेतलं, कारण आपली माणसं असली की हात आपोआप झुकतो. तेच आलं. शिंप्याचंही थोडंफार तसंच, पण तुझं सगळ्यांत स्वच्छ.

मी पडद्यावर चेहरा घातला नव्हता. तुझ्या डोक्यात तो होता. तू खोटं दाबलं नव्हतंस.

हे मला तू जाण्याच्या तीन आठवडे आधी कळलं. फोन उचलून सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी तीन रविवार तुझ्याशी पावसावर, गुडघ्यांवर, बाजारातल्या नारळांवर बोलले आणि हे बोलले नाही. का? कारण मला ते ऐकताना तुझा चेहरा बघायचा होता. जन्मभर लोकांना चेहरे दाखवून त्यांचे मेंदू तपासते, आणि हा एकच चेहरा मला माझ्यासाठी हवा होता. इतका हव्यास नडला. मला स्वतःचा राग येतो, आणि खरं सांगू, तुझाही येतो. तीन आठवडे थांबलास ना? आणखी दोन थांबायला काय झालं होतं?

काल मामीला विचारलं, त्याला कोण दिसत होतं त्या मुंग्यांत, काही बोलला होता का? मशीन चेहरा होता एवढं सांगतं, कोणाचा ते सांगत नाही. मला उगाच वाटत होतं, आजी असेल, नाहीतर मामी स्वतः. मामी म्हणाली, "म्हजो कित्याक? हांव घरांत आसां न्हय, दीसभर पळयता." मग जरा आठवून, "विचारलें हांवें. म्हणूंक लागलो, प्लांटावेलो खंयचोय. तांबडो. डोळे तितलेच धवे." प्लांटवरचा कोणीही. लाल, आणि डोळे तेवढे पांढरे.

यंदा घरात चवथ नाही. माटोळीची लाकडी चौकट माळ्यावरच आहे. बाराव्याला तुझा फोटो भिंतीवर लावायचा आहे, म्हणून आज सकाळी मामी म्हणाली, घड्याळाशेजारच्या खिळ्याला लाव. त्या खिळ्याला तुझ्या मेंदूची प्रिंट आहे, तू फ्रेम करून लावलेली. येणारे लोक तिच्याकडे बघतात आणि काय आहे ते विचारायला लाजतात. मामी म्हणाली, "ती भायर काडूं नाका. दुसरो खिळो मार. पूण धूळ पूस तिची." मी स्टुलावर चढून फ्रेम खाली घेतली.

मागे सुतळीनं चिठ्ठी बांधलेली होती. नमुन्याची. तुझं अक्षर.

'नमुना : डोके, स्वतःचे. जागा : डिचोली.' तारीख त्या पहिल्या, व्हॅनच्या रविवारची. प्रिंट तर मी तुला कितीतरी महिन्यांनी दिली. म्हणजे त्या दिवशी, नुस्त्याला हात न लावता उठलास, तेव्हाच ही लिहून ठेवली होतीस आणि बांधायला वस्तू मिळेपर्यंत जपून ठेवलीस.

'डोळ्याने : चेहरा दिसला.'

'लॅबने :'

पुढे रिकामं.

मी स्टुलावर तशीच बसले. एकट्या माणसाच्या चित्रावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. शास्त्राच्या दृष्टीनं अजून पुष्कळ बाकी आहे, नवी सूचना, नवी माणसं, सगळं पुन्हा. पण चिठ्ठीवर सिद्ध काय झालं ते विचारलेलं नाही. लॅबला काय मिळालं, एवढंच विचारलं आहे, आणि ते मला माहीत आहे. तुझ्याच खिशातलं पेन मामीनं आणून दिलं. 'लॅबने'च्या पुढे मी लिहिलं, 'दिसला.'

मामीनं विचारलं, "कितें बरयलें?"

वाचून दाखवायला तोंड उघडलं आणि माझ्यानं वाचवेना. तो एवढासा शब्द. डोळ्यांसमोर सगळ्या मुंग्या. मामीनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, पदरानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, दोन्ही ओळी वाचल्या. मग चिठ्ठी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आतां बांद ती परत."